सदतिसाव्या वर्षी जिल्हा वेटलिफ्टिंग स्पर्धेत उतरावे का?

गणितबाई
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दीड वर्षापूर्वी मुलीला गावातल्या व्यायामशाळेत वेटलिफ्टिंगसाठी घातले आणि तिला सोडायला-आणायला जाऊ लागले. बाकावर बसून वह्या तपासणाऱ्या मला तिथल्या सरांनी एके दिवशी लाकडी काठी हातात देऊन उभे केले. मुलीने तीन महिन्यांत तो नाद सोडला, मी मात्र राहिले. जुन्या तालमीचेच ते सभागृह आहे. कोनाड्यात मारुती, दोन प्लॅटफॉर्म आणि महिलांचा १५ किलोचा एकच बार. तेरा ते सतरा वर्षांची मुले-मुली सोबत असतात. त्यांतली निम्मी मला 'बाई' म्हणतात आणि उरलेली 'काकू'.

माझे वजन ६१.५ किलो आहे. आजवरचा सर्वोत्तम स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) ४० किलोचा आणि क्लीन अँड जर्क (क्लीनमध्ये बार आधी खांद्यांवर, मग जर्कने डोक्यावर) ५२ किलोचा. आता सर म्हणतात की जिल्हा स्पर्धेत वरिष्ठ महिला गटात नाव द्या. त्या गटातल्या मुली माझ्या जवळजवळ दुप्पट वजन उचलतात. तिथे जाऊन मी कोणाची जागा तर अडवणार नाही ना, असे सारखे वाटत राहते. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले तर काय, ही दुसरी भीती. तिसरी भीती स्पर्धेच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या कॉश्च्युमची आहे, कारण प्रेक्षकांत माझे विद्यार्थी असणार. ज्यांनी स्वतः अशा स्पर्धेत भाग घेतला आहे, त्यांनी स्पष्ट मत द्यावे.

डबा_विसरलेला
स्नॅच चाळीस आणि जर्क बावन्न, म्हणजे दोन्ही विषयांत पस्तिसाच्या वर आहात. गणिताच्या बाईंना उत्तीर्ण व्हायला आणखी काय हवे?

कृष्णाकाठ
मी सांगलीकडचा असून दहा-बारा वर्षे जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळलो आहे. पदके मोजकीच मिळाली. मात्र वॉर्मअपच्या खोलीत इतरांची प्रयत्नांची वजने लिहायची कार्डे सांभाळत पुष्कळ वेळ काढला आहे, त्या अनुभवावर लिहितो.

उतरायचे की नाही हा प्रश्न मी सोडून देतो, कारण तुम्ही उतरणार हे तुमच्या लिहिण्यावरूनच दिसते आहे. विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. या खेळात बारवरचे वजन फक्त वाढत जाते, खाली येत नाही. ज्याने सर्वांत कमी वजन मागितले तो आधी येतो. तुमच्या गटातील पुढची मुलगी ५० किलोपासून सुरुवात करणार असेल आणि तुम्ही ३५ पासून, तर तुमचे तिन्ही स्नॅच सलग होतील, मधे कोणीही येणार नाही. एरवी खेळाडूला नाव पुकारल्यावर १ मिनिट मिळते. स्वतःच्याच मागोमाग स्वतः येणाऱ्याला २ मिनिटे मिळतात. पहिला प्रयत्न, खाली उतरून दोन घोट पाणी, दुसरा, आणि श्वास बसतो न बसतो तोच तिसरा, असा तो प्रकार असतो. नवख्या खेळाडूला हे कोणी आधी सांगत नाही, आणि दुसऱ्या प्रयत्नाला पाय कापायला लागले की आपली तयारीच कमी पडली असे त्याला वाटते.

म्हणून आतापासून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीन सिंगल (एका वेळी एकच लिफ्ट) मारून पाहा. सुरुवातीचे वजन असे ठेवा, की आदल्या रात्री झोप झाली नसेल आणि बस तासभर उशिरा पोहोचली असेल तरी ते वर जाईल. तुमच्या बाबतीत मी ३५ म्हणेन. ४० सरावात गेले म्हणून ३८ ने सुरुवात करू नका.

चिकित्सक
माझे मत थोडे कडू वाटेल, पण बाईंनी स्पष्ट मत मागितले आहे म्हणून लिहितो. जिल्हा स्पर्धा ही मुळात राज्य स्पर्धेसाठीची निवड असते. तिथे पंच, वजन चढवणारी मुले आणि टेबलावरची माणसे बहुतेक वेळा विनामोबदला राबत असतात. सकाळी दहाला सुरू होणारी स्पर्धा रात्री नऊपर्यंत लांबलेली मी पाहिली आहे. ज्याला निवडीशी काही देणेघेणे नाही, त्याने मास्टर्स, म्हणजे प्रौढ खेळाडूंच्या, गटाच्या स्पर्धा पाहाव्यात; तिथे पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात आणि बरोबरीची माणसे भेटतात. हौसेला माझा विरोध नाही, पण हौस योग्य ठिकाणी व्हावी.

लीड्सकर
मी मूळचा पुण्याचा, गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो आणि इथल्या एका लहान क्लबकडून खेळतो. चिकित्सक यांचे म्हणणे समजते, पण इथे नेमके उलट चालते. क्लब स्वतःच खुल्या स्पर्धा भरवतात. गोदामासारख्या जागेत एक प्लॅटफॉर्म, शंभरेक खुर्च्या आणि दाराशी कोणीतरी घरून करून आणलेल्या केकचे टेबल, एवढाच थाट असतो. एकाच सत्रात सतरा वर्षांचा होतकरू मुलगा, बाळंतपणानंतर परतलेली परिचारिका आणि साठीचे गृहस्थ असे सगळे असतात. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी स्नॅचचे तीनही प्रयत्न घालवले, आणि तरीही नंतर क्लीन अँड जर्क करू दिले, कारण टोटल (दोन्ही प्रकारांतील सर्वोत्तम वजनांची बेरीज) लागली नाही तरी उरलेले प्रयत्न करता येतात. घरी येऊन मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही, ही गोष्ट खरी आहे. तिसऱ्या दिवशी पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरला.

गणितबाई, तीन अपयशी प्रयत्नांची भीती असेल तर मीराबाई चानूची आठवण ठेवा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले आणि टोटलच लागली नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली आणि टोकियोला २०२ किलोंसह रौप्यपदक घेऊन आली.

पंचनामा
मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो, तेव्हा चिकित्सक यांना आमच्या बाजूने उत्तर देणे भाग आहे. एका खेळाडूचे सहा प्रयत्न फार ताणले तरी दहा-बारा मिनिटांत होतात. स्पर्धा रात्री नऊपर्यंत लांबते ती उद्घाटनाला पाहुणे उशिरा आल्यामुळे आणि सत्कार न संपल्यामुळे. हौशी खेळाडूंनी ती लांबवल्याचे मला आठवत नाही. शिवाय आमच्याकडे वरिष्ठ महिलांच्या एखाद्या वजनगटात दोन किंवा तीनच नावे येतात, कधी एकच येते. बाई आल्या तर तो गट स्पर्धेसारखा दिसेल.

आता बाईंसाठी पंचाच्या खुर्चीतून दिसणाऱ्या काही गोष्टी. नवख्यांचे जेवढे प्रयत्न ताकद कमी पडल्यामुळे फसतात, जवळजवळ तेवढेच घाईमुळे फसतात. बार डोक्यावर स्थिर झाला, दोन्ही पाय एका रेषेत आले, शरीर थांबले, की मग खाली ठेवण्याची खूण मिळते. ती मिळण्याआधी बार सोडला तर कितीही सुंदर लिफ्ट असो, लाल दिवा लागतो, म्हणजे ती बाद. खूण मिळाल्यावरही बार वरून तसाच टाकून द्यायचा नसतो, खांद्याच्या खाली येईपर्यंत हात लावून ठेवायचे असतात. कोपर वाकलेल्या स्थितीत बार घेऊन मग दाबून सरळ केला तर ती प्रेस-आउट. क्लीन घेताना खाली बसल्यावर कोपर मांडीला टेकले तरी बाद. आणि बार गुडघ्यापर्यंत ओढून सोडून दिला तर 'मी अजून सुरुवात केली नव्हती' असे सांगता येत नाही, तो प्रयत्न धरला जातो. सरावात स्ट्रॅप (मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे पट्टे) वापरत असाल तर आजपासून बंद करा, स्पर्धेत ते चालत नाहीत.

शलाका
कॉश्च्युमविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. पहिल्या स्पर्धेत मलाही तीच धाकधूक होती. नियमानुसार कॉश्च्युम आवश्यक असतो, पण त्याच्या आत मनगटापासून घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालता येतो. कुलसूम अब्दुल्ला या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन खेळाडूने अंग झाकून खेळण्याची परवानगी मागितली आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. पंचांना कोपर आणि गुडघे सरळ झालेले स्पष्ट दिसावेत एवढीच अट आहे, म्हणून ढगळ टी-शर्ट किंवा ट्रॅकपँट चालत नाही. मी काळी लेगिंग आणि अर्ध्या बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घालून त्यावर कॉश्च्युम चढवते.

वजन घेण्याचीही काळजी करू नका. स्पर्धेच्या दोन तास आधी बंद खोलीत महिला पंच वजन घेतात. सोबत ओळखपत्र ठेवा. पहिल्या प्रयत्नांची दोन्ही वजने तिथेच लिहून द्यावी लागतात आणि गडबडीत माणूस दोन-चार किलो जास्त सांगून बसतो, म्हणून सरांशी ठरलेले आकडे घरूनच तळहातावर लिहून न्या.

चिकित्सक
पंचनामा यांचा वेळेचा मुद्दा मान्य करतो. सत्कारांविषयी तर मी त्यांच्याहून कडक भाषेत लिहिले असते. मात्र उतरायचेच असेल तर थोडा विचार करून उतरावे. जून २०२५ पासून लागू झालेल्या गटांत महिलांसाठी ५८ आणि ६३ असे गट आहेत. बाईंचे वजन ६१.५ आहे. साडेतीन किलो कमी केले तर ५८ मध्ये त्यांना तुलनेने बरे स्थान मिळेल.

कृष्णाकाठ
येथे मात्र माझा पूर्ण विरोध आहे. पहिल्या स्पर्धेसाठी वजन उतरवणे म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उपवास धरण्यासारखे आहे. साडेतीन किलो उतरवून बाई ५८ मध्ये गेल्या आणि स्नॅच ४० वरून ३४ वर आला, तर मिळवले काय? पोटभर जेवून ६३ मध्ये खेळा. त्याआधी जिल्ह्याच्या पत्रकात कोणते गट छापले आहेत ते पाहून घ्या, कारण गट बदलले तरी कधीकधी मागच्या वर्षीचेच पत्रक पुन्हा छापून येते.

लोखंडी७२
मी बहुधा इथला सर्वांत वयस्क सदस्य असेन. १९७० च्या सुमारास गिरणगावातील एका व्यायामशाळेतून मी खेळत असे. तेव्हा दोन नव्हे, तीन प्रकार होते. पहिला प्रेस, क्लीन घेऊन बार केवळ हातांच्या जोरावर डोक्यावर दाबायचा. प्रत्यक्षात सगळे कमरेतून इतके मागे कलत, की उभ्याने बेंच प्रेस चालला आहे असे वाटे. कलणे कुठवर चालेल यावर दोन पंचांचे एकमत होत नसे. अखेर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस काढूनच टाकला. माझा तोच प्रकार बरा होता, त्यामुळे माझी कारकीर्दही जवळजवळ तिथेच संपली.

आमच्या प्लेटा बिडाच्या होत्या. रबर नावाला नव्हते. वजन वर नेण्याइतकेच ते अलगद खाली आणणेही शिकावे लागे, नाहीतर शेजारच्या खोलीतील मंडळी भिंत ठोकत. कामगार पाळी सुटल्यावर यायचे आणि अंगावरचा कापसाचा भुगा झटकून बार धरायचे. पस्तीस-चाळीस वर्षांचे गडीसुद्धा स्पर्धेत असत, आणि वयाचा विषय कोणी काढत नसे. तेव्हा बाई, या तुम्ही.

डबा_विसरलेला
काका, तुमचा प्रेस काढून टाकला हा अन्याय आहेच, पण पाठीच्या मणक्यांच्या बाजूने पाहिले तर निर्णय बरा झाला असे म्हणावे लागेल.

कृष्णाकाठ
काकांनी जुना विषय काढला म्हणून आमच्या भागाविषयी दोन ओळी लिहितो. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी कांस्यपदके मिळवली, आणि हे तिघेही एकट्या कुरुंदवाडचे. हर्षदा गरुड वडगाव मावळची. २०२२ मध्ये ग्रीसमधील कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ७० आणि ८३, असे १५३ किलो उचलून तिने सुवर्ण जिंकले, आणि त्या स्पर्धेत असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. ही सगळी नावे गावातल्या व्यायामशाळांतून आलेली आहेत. चिकित्सक ज्याला निवडीची शिडी म्हणतात तिची खालची पायरी याच जिल्हा स्पर्धा आहेत, आणि त्या पायरीवर गर्दी असली तरच वरच्या पायऱ्यांना अर्थ आहे.

एका किलोची किंमत काय असते हे आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत दाखवले. स्नॅच ११३, पहिला क्लीन अँड जर्क १३५, टोटल २४८. दुसऱ्या प्रयत्नात १३९ वर त्याचे कोपर दुखावले, तरी तो तिसऱ्यासाठी पुन्हा प्लॅटफॉर्मवर आला. मलेशियाच्या अनिक कासदानने शेवटच्या प्रयत्नात १४२ उचलले आणि २४९ वर सुवर्ण गेले. आम्ही सांगलीत टीव्हीपुढे बसलो होतो. त्या १४२ ला तिन्ही पांढरे दिवे लागेपर्यंत खोलीत कोणी श्वास घेतला नसेल.

गणितबाई
सर्वांचे मनापासून आभार. नाव दिले आहे. लोखंडी७२ काकांचा प्रतिसाद मी आमच्या सरांना वाचून दाखवला आणि त्यांनी दोनदा वाचायला लावला. दोन शंका आहेत. हुक ग्रिपमुळे (अंगठा बोटांखाली दाबून बार धरण्यामुळे) अंगठ्याच्या आतल्या बाजूची कातडी सोलली आहे. आणि वॉर्मअप केव्हा सुरू करायचा हे 'अटेम्प्ट मोजून' ठरवतात असे सर म्हणतात, पण ते स्वतः चार मुलांच्या मागे असणार. मला एकटीला मोजता येईल का?

शलाका
अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळा. ती चालते, फक्त बोटाचे टोक उघडे राहू द्या. रात्री कातडीला खोबरेल लावा, पण सरावाच्या आधी नव्हे, नाहीतर बार हातातून निसटेल.

कृष्णाकाठ
गणित तुमचे, मी फक्त पद्धत सांगतो. एरवी आपल्या आधी किती प्रयत्न बाकी आहेत हे टेबलावरच्या यादीवरून मोजतात आणि साधारण दर दोन-तीन प्रयत्नांमागे वॉर्मअपची एक लिफ्ट घेतात. पण तुमचे सुरुवातीचे वजन सर्वांत कमी असेल तर तुमच्या आधी कोणीच नाही, मोजायला प्रयत्नच नाहीत. म्हणून स्नॅचसाठी भिंतीवरचे घड्याळ बघा. खेळाडूंची ओळख सुरू होण्याआधी रिकामा बार आणि पुढच्या दोन-तीन लिफ्ट झालेल्या असू द्या, आणि ओळख संपताच ३२ चा एक सिंगल घेऊन बाहेर या.

खरी फसगत नंतर होते. तुमचे तीन स्नॅच पाच-सहा मिनिटांत संपतील आणि मग बाकीच्यांचे संपेपर्यंत बसून राहावे लागेल. सत्रात सात जणी असतील तर उरलेल्या सहा जणींचे अठरा प्रयत्न, म्हणजे अर्धा तास धरा, आणि त्यापुढे दहा मिनिटांची विश्रांती. तेवढ्या वेळात अंग पूर्ण थंड होते. स्वेटर आणि मोजे घाला, एखादे केळे किंवा चिक्की खा, आणि कोणाशी गप्पा मारत बसू नका. स्नॅचचे शेवटचे तीन-चार प्रयत्न उरले की जर्कसाठी बार धरा.

आणखी एक. महिलांचा बार १५ चा, प्लेटा अडकवून ठेवणाऱ्या दोन कॉलर अडीच-अडीचच्या, म्हणजे २० तिथेच झाले. १० किलोच्या हिरव्या प्लेटा लावल्या की थेट ४०. तुमचे ३५ भरायला मोठ्या व्यासाच्या ५ च्या जाड रबरी प्लेटा लागतील. त्या आयोजकांकडे आहेत का, हे सरांना आधीच विचारायला सांगा. नसतील तर लहान प्लेटांमुळे बार जमिनीला खूप जवळ राहतो आणि पहिली ओढच बदलते.

गणितबाई
परवा स्पर्धा झाली. सविस्तर लिहिते.

आमच्या ६३ च्या गटात तिघी होतो आणि ५८ च्या चौघी मिळून एक सत्र झाले. माझे वजन ६१.२० भरले. पाचच्या मोठ्या प्लेटा होत्या, पण दोनच, आणि त्या आणण्यासाठी शेजारच्या तालुक्यातील क्लबला फोन करावा लागला होता. वजने चढवणाऱ्या मुलांत माझ्याच दहावीच्या वर्गातला एक मुलगा निघाला. कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे माझ्या आधी कोणीच नव्हते. पहिला स्नॅच ३५, तीन पांढरे दिवे. बार वर स्थिर झाल्यावर मला सभागृहाच्या मागच्या भिंतीवरचा पंखा दिसत होता आणि तो फिरत नव्हता, एवढेच आठवते. दुसऱ्याला ३८ मागितले. वर गेले, पण प्रेक्षकांत कोणीतरी टाळी वाजवली, ती मला खूण वाटली आणि मी बार सोडला. पंचनामा, आपण बजावले होते आणि नेमके तेच केले. तिसऱ्यासाठी दोन मिनिटे चालू झाली तेव्हा तो मुलगा प्लेटांकडे बघत हळूच म्हणाला, "बाई, घाई करू नका." हे वाक्य मी त्याला भूमितीच्या पेपरात तीन वर्षे सांगत आले आहे. ३८ गेले.

मग ती लांबलचक वाट पाहणे. स्वेटर घालून, तोंडात चिक्की घेऊन मी अठरा प्रयत्न मोजले. एकीने तिसरा सोडून दिल्यामुळे सतराच झाले आणि माझा हिशेब दीड मिनिटाने चुकला. क्लीन अँड जर्कला ४६ आणि ५० गेले. ५३ चा क्लीन घेऊन मी उभी राहिले, पण जर्क करताना बार पुढे पडला. टोटल ८८. तिघींत तिसरी, म्हणजे कांस्यपदक. पहिल्या आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने माझ्या पट्ट्याचे बक्कल लावून दिले होते.

एक तक्रार आहे. प्रमाणपत्रावर ३८ आणि ५० यांची बेरीज ८६ छापली आहे.

डबा_विसरलेला
गणिताच्या बाईंच्याच प्रमाणपत्रावर हे व्हावे, याला योगायोग म्हणायला मन धजत नाही.

चिकित्सक
अभिनंदन. ५८ च्या गटात तिसरी आलेल्या मुलीची टोटल किती होती?

गणितबाई
एकशे सात.

चिकित्सक
मग कृष्णाकाठ यांचे बरोबर होते.

पंचनामा
बेरजेची चूक हसण्यावारी नेऊ नका. टेबलावरचे मूळ गुणपत्रक तिन्ही पंचांच्या सहीचे असते. त्याची प्रत मागा आणि प्रमाणपत्र बदलून घ्या, कारण पुढच्या वेळी प्रवेशिकेत आधीची टोटल लिहावी लागते आणि तिथे दोन किलो कमी पडणे बरे नाही. संबंधितांना शनिवारी संध्याकाळी गाठा, सोमवारपर्यंत कागद कुठे जातील याचा नेम नसतो.

गणितबाई
शनिवारी सराव आहे, पण मुलीला पाठवते. तिने कालपासून पुन्हा यायला सुरुवात केली आहे.